नवजात बाळाच्या सरावानंतरची ती वीस मिनिटं

प्रश्न: ताई, मी इंदूरच्या एका नर्सिंग कॉलेजात दोन वर्षांपासून ट्यूटर आहे. बीएस्सीच्या मुलींकडून स्किल लॅबमध्ये बाहुलीवर नवजात बाळाच्या रिससिटेशनचा, म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करण्याचा, सराव करून घेते. सराव बरा होतो, पण नंतरचं डीब्रीफिंग, म्हणजे झालेल्या सरावावरची चर्चा, जमत नाही. ‘काय चुकलं?’ असं विचारलं की सगळ्या गप्प. मग मीच बोलत सुटते, चेकलिस्ट वाचून दाखवते आणि तास संपतो. गेल्या आठवड्यात तर एक मुलगी रडायलाच लागली. वर्गात साठ मुली, बाहुली एक. मी काय वेगळं करू?

उत्तर:

अगं, आधी तो प्रश्न बदल. ‘काय चुकलं?’ म्हटलं की काय करायचं हे शाळेपासूनच मुलींच्या अंगवळणी पडलंय: मान खाली घालायची आणि मॅडम काय सांगतात ते ऐकून घ्यायचं. त्यात झाबुआ, बडवानी, खरगोनकडून आलेली मुलगी कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून इंग्रजी शब्दांच्याच धास्तीत असते. चूक झाली हे तिला बहुतेक वेळा कळलेलं असतं. ती कशामुळे झाली हे तिला एकटीला उलगडत नाही, आणि डीब्रीफिंगला बसायचं ते एवढ्याचसाठी.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते. माझं बहुतेक सगळं म्हणणं त्यातच आहे.

सिनारिओ, म्हणजे सरावासाठी रचलेला प्रसंग, साधा होता. पूर्ण दिवसांचं बाळ, गर्भजल स्वच्छ, पण जन्मल्यावर रडत नाही, अंग ढिलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं बाळ घेतलं, कोरडं केलं, ओला कपडा बाजूला टाकला, खांद्याखाली घडी सरकवून मान नीट ठेवली, गरजेपुरतं आधी तोंड आणि मग नाक साफ केलं. अगदी बरोबर. मग ती पाठ चोळायला लागली आणि चोळतच राहिली. अंबू बॅग, म्हणजे दाबून मास्कवाटे बाळाला हवा द्यायची रबरी पिशवी, हाताशी होती. मास्क तोंडावर लागला तेव्हा घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद झाली होती.

बाळ श्वास घेत नसेल तर पहिलं मिनिट संपायच्या आत मास्कनं श्वास द्यायला सुरुवात करायची, हे तिला तोंडपाठ होतं. ‘गोल्डन मिनिट’ काय ते तिनं व्हायव्हात न अडखळता सांगितलं असतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी म्हटलं असतं, ‘चाळीस सेकंद उशीर झाला, आता त्या बाळाच्या मेंदूचं काय?’ ती ‘सॉरी मॅडम’ म्हणाली असती आणि पुढच्या खेपेला पुन्हा चोळतच बसली असती.

त्या दिवशी मी म्हटलं, ‘मी पाहिलं, तिसाव्या सेकंदापर्यंत तुझं कोरडं करणं, मान ठेवणं सगळं झालं होतं. त्यानंतर एक मिनिटाहून जास्त वेळ तू पाठ चोळत होतीस. मला काळजी वाटली, कारण तेवढा वेळ बाळाच्या फुप्फुसात हवा जात नव्हती. तेव्हा तुला समोर काय दिसत होतं? मनात काय चाललं होतं?’ आणि मी गप्प बसले. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. हे दहा आकडे फार लांब वाटतात, पण मोजायचेच.

ती म्हणाली, ‘मॅडम, मुझे लगा बस अब रोएगा। वॉर्ड में तो रगड़ते ही रो देता है।’

मला हवं होतं ते मिळालं. तिचं खरंच होतं. पूर्ण दिवसांची बहुतेक बाळं जन्मल्यावर अर्ध्या मिनिटात आपली आपणच श्वास घेतात. आणखी काही पुसल्या-चोळल्यानं रडतात. मास्कनं श्वास द्यावा लागतो तो शंभरांत साधारण पाच बाळांना. म्हणजे लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये वीस बाळंतपणं पाहिलेल्या मुलीनं असं बाळ कदाचित एकच पाहिलं असेल, किंवा एकही नाही. चोळलं की रडतं हे तिला वॉर्डनं शिकवलं होतं, आणि पुस्तकातल्या एका ओळीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेली वीस बाळं तिला जास्त खरी वाटली. वाटणारच.

आता कुठे शिकवायला जागा झाली. मी फळ्यावर एक रेघ काढली आणि सांगितलं, प्राणवायू कमी पडला की बाळ आधी भराभर श्वास घ्यायला धडपडतं, मग थांबतं. या पहिल्या थांब्यात चोळलं तर श्वास परत येतो. तसंच राहिलं तर ते काही वेळ धापा टाकतं आणि पुन्हा थांबतं. या दुसऱ्या थांब्यात पाठ चोळा, तळव्यावर टिचक्या मारा, काही उपयोग नाही. हवा आत ढकलावीच लागते. आणि समोरचं बाळ पहिल्या थांब्यात आहे की दुसऱ्या, हे नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. म्हणून घड्याळ. पाठ दोन-तीनदा चोळायची, श्वास नाही आला तर मास्क लावायचा. हेच मी व्याख्यानात तीनदा सांगितलं होतं. त्या दिवशी ते वर्गाला ऐकू गेलं, कारण आधी त्या मुलीच्या मनातला हिशेब सगळ्यांसमोर उघडा झाला होता आणि निम्म्या वर्गाच्या मनात तोच हिशेब होता.

मी जे पाहिलं ते, मला त्याबद्दल काय वाटलं ते, आणि मग तुला काय वाटत होतं: बोलण्याचा क्रम एवढाच. बोस्टनच्या संशोधक जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याची नीट मांडणी केली. त्यांचा एक मुद्दा मला फार पटतो. ट्यूटरनं आपलं मत लपवून ‘मी काही म्हणत नाही, तुम्हीच सांगा’ असा आव आणू नये. मुलींना आपला चेहरा वाचता येतो. आपल्याला उशीर खटकलाय हे त्यांना कळतं, मग आपण मनात धरलेलं उत्तर ओळखण्याची स्पर्धा सुरू होते. त्यापेक्षा खटकलं ते सरळ सांगायचं आणि तिचं कारण मनापासून विचारायचं. मनापासून म्हणजे, तिच्या उत्तरानं माझं मत बदलू शकतं एवढी तयारी ठेवून.

हे मला पुस्तकाच्या आधी इंदूरच्या रामबागेतल्या गणेशोत्सवाच्या नाटकांत भेटलं होतं. आमचे एक दिग्दर्शक काका तालीम संपल्यावर कुणाला ‘वाक्य विसरलीस’ म्हणत नसत. ‘त्या दाराशी तू थबकलीस, तेव्हा कुणाकडे बघत होतीस?’ असं विचारत. उत्तर देताना आपणच आपल्याला सापडायचो. लेबर रूमची तालीम त्याहून कितीतरी गंभीर, पण प्रश्नाची जात तीच.

प्रत्येक चुकीला मात्र ही पद्धत लावू नकोस. हाताची चूक वेगळी, विचाराची वेगळी. मास्क डोळ्यांवर चढतोय, हनुवटी बाहेर राहतेय, बाजूनं हवा निसटतेय, तर तिथे ‘तुझ्या मनात काय होतं?’ विचारून काय मिळणार? तिचा हात धर, मास्क हनुवटीवरून नाकापर्यंत बसवून दाखव, अंगठा आणि तर्जनीनं मास्क दाबून उरलेल्या बोटांनी जबडा कसा उचलायचा ते तिच्याकडून पाच वेळा करून घे आणि पुढे जा. एपिक आणि चेंग यांनी २०१५ मध्ये ‘पर्ल्स’ नावाचा आराखडा मांडला, त्यातही हीच सोय आहे: काही गोष्टी थेट सांगायच्या, काही मुलींना स्वतः तपासू द्यायच्या, आणि जिथे निर्णयाचा प्रश्न आहे तिथेच खोल जायचं. एका डीब्रीफिंगला असा एक मुद्दा, फार तर दोन. तू चेकलिस्टचे वीस मुद्दे वाचतेस; त्यातला एकही मुलींबरोबर हॉस्टेलपर्यंत जात नाही.

दुसरी एक गोष्ट आपल्या मुलींच्या बाबतीत फार खोल आहे. एकदा बॅग दाबणाऱ्या मुलीचा मास्क नीट बसला नव्हता. छाती उठत नव्हती, आणि घाबरून ती आणखी भराभर दाबत होती. मिनिटाला चाळीस ते साठच्या लयीत दाबायला हवं, तिचे शंभराच्या वर जात असतील. शेजारी स्टेथोस्कोप घेऊन उभी असलेली मुलगी सरळ छातीकडे बघत होती. बोलली नाही. डीब्रीफिंगमध्ये मी बॅगवालीला आधी विचारलंच नाही. हिला विचारलं, ‘तुला छाती दिसत होती ना?’ ‘हाँ मॅडम, नहीं उठ रही थी।’ ‘मग?’ बराच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘वो क्लास की टॉपर है। मुझे लगा मैं ही गलत देख रही हूँ।’

टॉपरच्या जागी उद्या सिस्टर इनचार्ज असेल, परवा डॉक्टर. हुशार माणसापुढे, मोठ्या माणसापुढे आपले डोळेच खोटे वाटायला लागतात, आणि त्याची किंमत बाळ मोजतं. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ आम्ही यावरच घालवला आणि एक वाक्य ठरवलं: ‘छाती नहीं उठ रही।’ कुणाचं नाव नाही, ‘तुम गलत कर रही हो’ नाही. समोर जे दिसतंय तेवढंच, मोठ्यानं. आणि ते ऐकल्यावर बॅगवालीनं काय करायचं हेही ठरलेलं: मास्क पुन्हा बसव, मान तपास, तोंड-नाक साफ कर, तोंड थोडं उघड, मग जरा जास्त दाब दे. दोघींनी हे वाक्य आणि त्याचं उत्तर दहा वेळा म्हटलं. पाठ झालेलं वाक्य घाबरलेल्या माणसाच्याही तोंडून बाहेर येतं.

भाषेचं म्हणशील तर डीब्रीफिंग इंग्रजीत घेऊ नकोस. हिंदीत घे, आणि कुणी मालवी-निमाडीत बोलली तर अडवू नकोस. इंग्रजीत त्या पुस्तकातलं वाक्य सांगतील. मनातली भीती ज्या बोलीत आली त्याच बोलीत बाहेर पडते. तुझ्या-माझ्यासारख्या घरी मराठी बोलणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

साठ मुली आणि एक बाहुली. हा प्रश्न मला रोज पडतो. तिघी-चौघी वॉर्मरजवळ (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाजवळ) आणि बाकीच्या भिंतीला टेकून, असं ठेवलं तर भिंतीकडच्या दहा मिनिटांत कंटाळतात. त्यांना कामं वाटून दे. एका गटानं फक्त घड्याळ पाहायचं आणि कितव्या सेकंदाला काय झालं ते लिहायचं. एकानं फक्त बाळाची छाती पाहायची. एकानं कोण कुणाशी काय बोललं ते जसंच्या तसं उतरवायचं. एकानं बाळाच्या उबेवर लक्ष ठेवायचं. हा शेवटचा गट मी इंदूरच्या मे महिन्यात शिकले. लॅबमध्ये पंखा जोरात सुरू होता आणि सगळ्यांना इतकं गरम होत होतं की ओल्या बाळावर वारा लागतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. उबेच्या गटातल्या एका लाजऱ्या मुलीनं ते डीब्रीफिंगमध्ये सांगितलं. ओलं अंग आणि वारा मिळून बाळाचं तापमान भर उन्हाळ्यातही बघता बघता साडेछत्तीस अंशांच्या खाली जातं, हे त्यानंतर मला वेगळं शिकवावं लागलं नाही. तेव्हापासून आमच्या सरावाची सुरुवातच पंख्याचं बटण बंद करण्यानं होते.

आणि एक मुलगी आई कर. टेबलावर झोपव, तिला बाळ दिसणार नाही अशा बेतानं. डीब्रीफिंगचा पहिला प्रश्न तिला विचार: ‘तुला काय काय ऐकू आलं?’ पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, सब एकदम चुप हो गए थे। किसी ने बताया ही नहीं कि बच्चा ज़िंदा है कि नहीं।’ बॅगवालीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी कुठल्याही व्याख्यानात देऊ शकले नसते. त्यानंतरच्या सरावात एकीनं आपणहून आईचा हात धरून सांगितलं, ‘बच्चे को साँस देने में मदद कर रहे हैं, मैं बताती रहूँगी।’

बसण्याची व्यवस्था किरकोळ वाटते, पण तिनं फरक पडतो. वॉर्मरपासून दूर, गोलात खुर्च्या, तुझीही तसलीच खुर्ची. बाहुली मात्र हाताशी ठेव, म्हणजे ‘मी असं धरलं होतं’ हे सांगताना कुणाला हवेत हात करावे लागणार नाहीत. सराव दहा मिनिटांचा असेल तर चर्चेला वीस मिनिटं ठेव. वेळ कमी असेल तर सराव छोटा कर, चर्चा कापू नकोस. व्हिडिओ असेल तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन तुकडे पुरे. अख्खं चित्रण लावलं की मुली स्वतःचा चेहरा नि केस बघत बसतात.

आता रडलेल्या मुलीबद्दल. तिच्याशी तू नंतर एकटीशी बोललीस का? नसशील तर उद्याच बोल. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ‘तुझ्या हातून हे बाळ गेलं.’ तिच्या घरात दोन वर्षांपूर्वी बहिणीचं बाळ जन्मतःच गेलं होतं, हे मला तिच्या मैत्रिणीकडून नंतर कळलं. पुढे पोस्टिंगमध्ये ती बॅगला हात लावायला तयार नसायची. तिची माफी मागितली, पण तिचा हात मोकळा व्हायला कित्येक महिने लागले. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते. सरावाआधी सांगते की विषय हा आहे, कुणाला आज नको असेल तर कारण न देता घड्याळाच्या गटात बसावं. शिकाऊ मुलींच्या सिनारिओत बाळ मरू देत नाही. हात चालवले की बाळ सुधारतं, उशीर झाला तर उशिरा सुधारतं, आणि तो उशीर आपण चर्चेला घेतो. तिसरं, चर्चेच्या सुरुवातीची दोन-तीन मिनिटं नुसती मनाची. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘ठीक था’ एवढंच येतं. मी विचारते, ‘पोटात गोळा कधी आला?’ याला सगळ्यांकडे उत्तर असतं. ते ऐकून घेते, त्यावर शिकवत नाही.

आणि कुणी रडलीच तर चर्चा तिच्यावर केंद्रित होऊ देऊ नकोस, तिला बाहेरही काढू नकोस. पाण्याचा ग्लास दे, ‘थांबायचं असेल तर थांब’ म्हण, आणि जरा वेळानं संपूर्ण गटाला विचार की या क्षणी एकमेकींना कशी मदत करता आली असती.

डीब्रीफिंगच्या दिवशी गुण देऊ नकोस. हे माझं ठाम मत आहे, आणि यावर माझे सहकाऱ्यांशी वादही झालेत. इंटर्नल असेसमेंट लागतं हे मान्य. त्याला वेगळा दिवस ठेव आणि तसं आधी जाहीर कर. हातात गुणांचा कागद घेऊन ‘मनमोकळेपणानं बोला’ म्हणणाऱ्या बाईशी कोण मोकळं बोलेल? इथे बोललेलं इथेच राहील, हा शब्द द्यायचा आणि पाळायचा. स्टाफ रूममध्ये ‘आज त्या अमुकीनं काय केलं’ असं एकदा जरी बोललीस तरी ते त्यांच्यापर्यंत पोचतं आणि पुढचं वर्षभर तुला फक्त ‘सॉरी मॅडम’ ऐकायला मिळतं.

चांगलं झालेलंही तपासायचं. ‘व्हेरी गुड’ म्हणून सोडून देऊ नकोस. एखादीनं पंचेचाळिसाव्या सेकंदाला बॅग सुरू केली तर तिलाही विचार, ‘चोळणं थांबवायचं हे तू कशावरून ठरवलंस?’ एकदा उत्तर आलं, ‘मैंने मन में गिनती चालू रखी थी।’ त्या दिवशी पूर्ण वर्गाला ती युक्ती मिळाली, आणि ती माझ्याकडून मिळाली नव्हती याचा मला जास्त आनंद झाला.

चर्चेनंतर त्याच मुलींना तोच सिनारिओ पुन्हा करू दे, लगेच. पूर्ण नाही, अडलेली दोन मिनिटं तरी. ज्या मुलीचं एक मिनिट चाळीस सेकंद झालं होतं, तिनं पंधरा मिनिटांनी पुन्हा केलं तेव्हा पन्नासाव्या सेकंदाला छाती उठली होती. स्वतःच्या हातानं ते बघितल्याशिवाय तिला घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय हे कौशल्य फार लवकर विरतं. चांगलं प्रशिक्षण घेतलेल्यांचेही हात काही महिन्यांत सैल पडतात. म्हणून वर्षातून एकदा दिवसभराच्या कार्यशाळेपेक्षा दर आठवड्याला दहा मिनिटं बरी. पोस्टिंगला जाण्याआधी सकाळी बॅग तपासून पाच मिनिटं बाहुलीवर, एवढं जमव.

हे सगळं मी इतक्या कळकळीनं सांगतेय, कारण आपल्या मुली पुढे कुठे जातात ते तुलाही माहीत आहे. अलिराजपूरच्या आतल्या एखाद्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता ड्यूटीवर एक नर्सिंग ऑफिसर असते, एक आया असते आणि बालरोगतज्ज्ञ तासा-दीड तासाच्या अंतरावर असतो. १०८ येईपर्यंत ते बाळ तिच्याच हातात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू कितीतरी कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. चार वर्षं शिकलेल्या आपल्या मुलीला ते नक्कीच जमेल, तिचा हात का थबकतो हे कुणीतरी वेळेवर विचारलं तर.

राहिला तास संपण्याचा प्रश्न. घंटा झाली आणि निम्म्या मुली बोलल्याच नाहीत, असं माझंही होतं. शेवटची तीन मिनिटं राखून ठेव आणि प्रत्येकीला एक चिठ्ठी दे. नाव नको, एकच वाक्य: पुढच्या वेळी मी काय वेगळं करणार. ‘सबसे पहले पंखा बंद करूँगी’, ‘माँ से बात करूँगी’, ‘टॉपर को भी बोलूँगी’, अशी वाक्यं येतात. चिठ्ठ्या एका डब्यात ठेव, आणि पुढच्या सरावाला बाहुली बाहेर काढायच्या आधी त्यातल्या पाच-सहा वाचून दाखव. जी गप्प बसली होती, तिचंही म्हणणं मग वर्गात पोचतं. दोन-तीन आठवड्यांनी ती स्वतःच्या तोंडानं बोलायला लागते. तोवर घाई करू नकोस. आणि पहिल्या दोन खेपांना काय झालं ते मला लिहून कळव. जी जागा अडली असेल तिचं आपण मिळून बघू.